हिवाळ्यातले पाहुणे आणि बघ्यांची गर्दी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीचे फटाके थंडावले आणि पंचगंगेवर सकाळचे धुके उतरू लागले, की कोल्हापूरकरांच्या बोलण्यात तीन विषय हमखास येतात: उसाला यंदा दर किती, कोणत्या कारखान्याचे धुराडे आधी पेटले आणि कोणत्या गावच्या शिवारात गवा आला. पहिल्या दोन विषयांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. तिसऱ्याविषयी, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आपल्या तळ्यांवर, माळांवर आणि उसाच्या फडांत जे जीव दिसतात त्यांच्याविषयी, आपला एक जुना वाचक म्हणून काही लिहावेसे वाटते. कोल्हापूरकर मुळात हौशी, आणि प्राणी-पक्ष्यांविषयीची त्याची ओढ खरी आहे. मात्र ती ओढ ज्या गर्दीने आणि गोंगाटाने व्यक्त होते, तिचा भार या जीवांवर पडतो, हे मला या पत्रातून सांगायचे आहे.

रंकाळ्यावर मी अनेक वर्षे पहाटे फिरायला जातो. काठावरच्या ओलसर मातीत शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु धावणारा पांढरा धोबी दिसला, की हिवाळा आला असे मी समजतो. मुठीत मावेल एवढा हा पक्षी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडच्या प्रदेशांतून इथे आलेला असतो. त्याच्या मागोमाग तळ्यांवर तुतवार, भुवई बदके आणि थापटे येतात. थापट्याची चोच पुढे पळीसारखी पसरट असते. ती पाण्याला टेकवून तो गोल गोल पोहत राहतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव टिपतो. बाजूलाच आपले नेहमीचे रहिवासी असतात. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा लावलेला तो वारकरी, आणि काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा व मुळाशी लाल ठिपका असलेले ते हळदी-कुंकू बदक. ज्या कोणी ही नावे पहिल्यांदा ठेवली, त्याने काठावर बराच वेळ शांत बसून हे पक्षी न्याहाळले असले पाहिजेत, असे मला नेहमी वाटते.

गेल्या जानेवारीत एका सकाळी नातवाला दुर्बिणीतून थापटे दाखवत असताना, शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने, ज्याच्या गळ्यात बऱ्यापैकी महागडा कॅमेरा होता, पाण्यात खडा भिरकावला. सगळा थवा एकदम उठला, तळ्यावर दोन घिरट्या घालून पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला, आणि त्याला हवे होते ते उडत्या पक्ष्यांचे छायाचित्र मिळाले. मी विचारल्यावर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, कुणाला लागला नाही." खडा कुणाला लागला नव्हता हे खरेच होते. तरीही हजारो किलोमीटर उडून आलेल्या या बदकांना मार्चच्या सुमारास तेवढेच अंतर परत कापायचे असते आणि त्यासाठी लागणारी चरबी त्यांना इथल्याच पाण्यात चरून अंगावर साठवावी लागते. विनाकारण घ्याव्या लागणाऱ्या प्रत्येक भरारीत त्या साठ्यातला काही भाग खर्च होतो आणि चरण्याचा वेळ जातो तो निराळाच. दिवसभरात काठावर येणाऱ्यांपैकी दहा जणांना जरी उडत्या थव्याचे छायाचित्र हवे असले, तरी त्या पक्ष्याने पोट कधी भरायचे? पाव आणि कुरमुरे टाकणाऱ्यांचा हेतू तर याहूनही निर्मळ असतो, पण पावाने बदकाचे पोट भरते, अंग भरत नाही, आणि उरलेले तुकडे कुजून आधीच सांडपाण्याने थकलेल्या तळ्याच्या दुखण्यात भर घालतात.

येथे तळ्यांच्या स्वच्छतेविषयी एक सूचना कराविशी वाटते. केंदाळ काढलेच पाहिजे; ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्या पाण्यात तिला आवर घालणारे कोणी नाही, आणि ती पसरली की खालच्या पाण्याला ना ऊन मिळते ना हवा. मात्र केंदाळ काढताना त्याच्याबरोबर काठचे पाणकणीस आणि लव्हाळेही यंत्राने खरवडून काठ 'सुंदर' करण्याचा मोह होतो. जांभळ्या पाणकोंबडीला लपायला, वटवट्याला किडे टिपायला आणि रात्री भिंगऱ्यांच्या थव्यांना विसावायला तीच जागा लागते. निदान डिसेंबर-जानेवारीत हे काम टप्प्याटप्प्याने करावे आणि प्रत्येक तळ्याचा एखादा कोपरा, जिथे पायवाट आणि दिवे पोहोचलेले नाहीत, तो तसाच राहू द्यावा, एवढीच विनंती आहे.

आता गव्याकडे वळतो. राधानगरी-दाजीपूरचे जंगल हे एकेकाळी करवीरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते, आणि शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांमुळे कोल्हापूर संस्थानचे नाव देशभर झाले होते. त्याच जिल्ह्यात १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झाले, जे महाराष्ट्रातले पहिले वन्यजीव अभयारण्य मानले जाते. पुढे ते राधानगरी अभयारण्य म्हणून वाढले, आज त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यांत तेही आहे. इतका इतिहास असलेल्या जिल्ह्याला गवा अनोळखी वाटू नये. पण पावसाळ्यानंतर सड्यांवरचे, म्हणजे घाटमाथ्यावरच्या खडकाळ माळांवरचे, गवत वाळते, खाली हिरवा ऊस उभा असतो, त्याला पाणी पाजलेले असते, आणि कळपातून बाजूला पडलेला एखादा नर किंवा चुकलेला लहान कळप ओढ्याओढ्याने उतरत पन्हाळा, करवीर तालुक्यांतल्या वस्त्यांपर्यंत पोहोचतो. नर गवा वजनाने हजार किलोच्या घरात जाऊ शकतो, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि स्वभावाने मात्र तो बुजरा असतो. त्याला वाट मोकळी मिळाली, तर अंधार पडल्यावर तो आल्या वाटेने परत जाण्याची शक्यता मोठी असते.

ती वाट आपण मोकळी ठेवत नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला आलेला गवा आठवावा. कित्येक तास माणसांच्या लोंढ्यापुढे धावून शेवटी तो मेला. मोठा प्राणी भीतीने दीर्घकाळ धावत राहिला की त्याच्या अंगातली उष्णता निघून जायला वाव राहत नाही, स्नायू आतून निकामी होऊ लागतात, आणि मग बेशुद्ध करण्याचे औषधही जोखमीचे ठरते. त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले आणि भुयेवाडीत एका तरुणाला गव्याच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. एका घटनेत जनावर गेले, दुसरीत माणूस. यापुढे दोन्ही टाळायचे असतील, तर गवा दिसल्याची बातमी मोबाइलवर गावभर फिरवण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्यावी, मोटारसायकली त्याच्या मागे लावू नयेत, कुत्री आवरावीत आणि तो ज्या बाजूने आला ती बाजू माणसांनी रिकामी ठेवावी. याला कोणतेही प्रशिक्षण लागत नाही. गावातल्या तरुण मंडळांनी गणपतीत गर्दी आवरण्याचे जे कसब कमावले आहे, ते इथे कामी येईल.

उसाच्या फडाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे चूक बहुधा चांगल्या मनाने होते. पावसाळ्यापासून तोडणीपर्यंत उभा ऊस हा दाट, थंड आणि माणसाचा वावर नसलेला असतो, त्यामुळे बिबट्याच्या मादीला पिलांसाठी तो रानाइतकाच सुरक्षित वाटतो. तोडणी सुरू होते तेव्हा मादी दिवसा दूर कुठेतरी दबून असते आणि पाचटाखाली डोळेही नीट न उघडलेली पिले सापडतात. ऊसतोड मजूर घाबरतात, मालक धावत येतो, कोणीतरी पिलू उचलून छायाचित्र काढतो, दूध पाजतो, घरी नेतो. रात्री मादी त्या जागी परत येते आणि पिले नसली की त्याच परिसरात कासावीस होऊन फिरत राहते; ज्या भीतीपोटी पिले हलवली, तीच भीती त्यामुळे खरी ठरू शकते. योग्य रीत अशी, की तेवढ्या भागातली तोडणी थांबवावी, पिलांना हात लावू नये, वन विभागाला कळवावे. त्यांचे कर्मचारी पिलांची तपासणी करून संध्याकाळी ती एखाद्या क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, आणि माणसे दूर झाली की बहुतेक वेळा मादी ती घेऊन जाते. दुसरी गोष्ट अशी, की 'बिबट्याची पिले' म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो, ती पुष्कळदा रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा घरातल्या मांजरापेक्षा लहान असते, आणि भारत, श्रीलंका व नेपाळ सोडून ती जगात कुठेही आढळत नाही. शेतातले उंदीर खाऊन जगणाऱ्या या जनावराच्या पिलांना बिबट्या समजून आपण आईपासून तोडतो, याचे मला फार वाईट वाटते. ऊस गेल्यावर पाचट पेटवण्याची सवय तर जमिनीसाठीही घातकच आहे. त्यात किती ससे, साप आणि लाव्यांची घरटी जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मसाई पठारावर आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर एकतीस डिसेंबरला होणाऱ्या शेकोट्या, मोठ्याने लावलेली गाणी आणि फेब्रुवारीपासून लागणारे वणवे यांवर आपल्या दैनिकात पूर्वी लिहून आले आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. संक्रांतीनंतर झाडांत अडकून लोंबणारे धागे कोणत्या दुकानातून येतात, हे सर्वांना ठाऊक असते.

बंधनांचीच यादी दिली असे वाटू नये, म्हणून आनंदाविषयीही लिहितो. त्यासाठी दाजीपूरचे आरक्षण लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत राधानगरी रस्त्याला फुललेल्या एखाद्या काटेसावरीखाली सकाळी अर्धा तास उभे राहिले, तर भोरड्या, कोतवाल, सूर्यपक्षी आणि एखादे शेकरूसुद्धा तिच्या लाल फुलांवर तुटून पडलेले दिसेल. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात मोर आहेत, राजाराम तलावावर बगळे आहेत, आणि शिरोळकडे कृष्णाकाठी थंडीच्या सकाळी मगरी अंग तापवायला काठावर येतात, ज्या अर्थातच पलीकडच्या काठावरूनच पाहाव्यात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला हा आठवडा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, जी भारतीय उपखंडात १९८७ पासून सुरू आहे आणि जिच्यात हौशी माणसेही भाग घेतात. शाळांनी मुलांना बसमध्ये भरून लांब नेण्यापेक्षा याच गणनेसाठी जवळच्या तळ्यावर दोन तास वही-पेन्सिल देऊन बसवावे. माझ्या नातवाने त्या खड्याच्या सकाळनंतर आपल्या वहीत थापट्यांची संख्या लिहायला सुरुवात केली. त्या दिवसापुढे त्याने 'उडवले' असा शेरा मारला आहे.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्यासाठी. शेतात नुसता उभा असलेल्या गव्याच्या बातमीला 'गव्याचा धुमाकूळ' आणि पायाचा ठसा दिसला की 'बिबट्याची दहशत' हे मथळे आपल्याही दैनिकात येतात. असे मथळे वाचून माणसे घरात बसत नाहीत, काठ्या आणि मोबाइल घेऊन बाहेर पडतात. या हिवाळ्यात अशा बातम्यांतून पिलांची किंवा जनावराची नेमकी जागा वगळावी, मथळ्यात जे घडले तेवढेच लिहावे, आणि प्रत्येक बातमीच्या खाली १९२६ हा क्रमांक ठळक छापावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर