वितळलेल्या खडकाचा टक्का येतो कुठून

नागपूर

प्रिय दिनेश,

सप्रेम नमस्कार. समुद्रतळाच्या प्लेट जिथे एकमेकींपासून दूर सरकतात त्या डोंगररांगेखाली, म्हणजे रिजखाली, खडक अमुक टक्के वितळलेला आहे, असं वाचून तू विचारलंस, तो टक्का तिथे जाऊन मोजतं कोण? कुणीच मोजत नाही. मोजली जाते ती रेझिस्टिव्हिटी, म्हणजे खडकाचा विजेला होणारा विरोध, तू काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागांत बोअरसाठी मोजतोस तीच. टक्का हा तिचा नंतर लावलेला अर्थ. तो अर्थ कुठे सैल पडतो हे साउंडिंग, म्हणजे खोलीनुसार रेझिस्टिव्हिटीची मोजणी, करणाऱ्या माणसाला चटकन कळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

तू करंट जमिनीत सोडतोस. तिथे निसर्गाचाच वापरतात. सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत थरथरतं आणि त्यातून खडकात प्रवाह उमटतात. एकाच जागी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र नोंदवायचं, त्यांच्या गुणोत्तरातून रेझिस्टिव्हिटी काढायची. हीच मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत, एमटी. खोली गाठायला तू एबी, म्हणजे करंटच्या दोन खुंट्यांमधलं अंतर, लांबवतोस, इथे आवर्तकाळ, म्हणजे सिग्नलच्या एका हेलकाव्याचा वेळ, लांबवतात. रेझिस्टिव्हिटीला आवर्तकाळाच्या सेकंदांनी गुणून वर्गमूळ घ्यायचं, त्याची साधारण 500 पट म्हणजे मीटरमधली खोली. 100 ओहम-मीटरच्या खडकात 1000 सेकंदांचा सिग्नल सुमारे 160 किलोमीटर उतरतो. असे लांब सिग्नल पुरेसे गोळा व्हायला यंत्र कित्येक दिवस, बऱ्याचदा आठवडे तळाशी ठेवावं लागतं.

अडचण पाण्याची. खोल समुद्राचं पाणी जेमतेम 0.3 ओहम-मीटर. त्याच सूत्राने 1 सेकंदाचा सिग्नल पाण्यात 275 मीटरमध्येच मंदावतो. ईस्ट पॅसिफिक राइज या पॅसिफिक महासागरातल्या रिजचा माथा सुमारे 2500 मीटर पाण्याखाली आहे, म्हणजे साधारण 80 सेकंदांपेक्षा जलद असलेलं बहुतेक सगळं वाटेतच विरतं. त्यामुळे कवचातली वरची शिलारसाची (वितळलेल्या खडकाची) पातळ चकती, जी तिथे तळाखाली जेमतेम दीड किलोमीटरवर आहे, ती एमटीला दिसत नाही. तिच्यासाठी जहाजामागून तळालगत लांब केबल ओढत स्वतःच करंट सोडावा लागतो. पाण्यातून जाणारा सिग्नल लवकर मरतो, खडकातून आलेला दूरच्या यंत्रापर्यंत टिकतो. आइसलँडच्या नैऋत्येला रेक्यानेस रिजवर 1993 साली हे करून पाहिलं होतं.

आता यंत्र. मध्यभागी चौकट, तिच्यात चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर आणि नोंद ठेवणारा लॉगर. एकमेकींना काटकोनात असलेल्या आडव्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या टोकांना इलेक्ट्रोड, समोरासमोरच्या दोघांत साधारण 10 मीटर अंतर. लोखंडी खुंट्या चालत नाहीत, पाण्यात त्यांच्यावर आपोआप साठणारं व्होल्टेज, म्हणजे पोलरायझेशन, सिग्नलला गिळून टाकतं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे लागतात. ते खाऱ्या पाण्यात जोडीजोडीने शॉर्ट करून ठेवायचे आणि टाकण्याआधी दोघांतला फरक स्थिर आहे का ते तपासायचं. खाली काँक्रीटचा ठोकळा, वर काचेचे पोकळ गोळे. परत बोलावताना जहाजावरून ध्वनीचा संकेत देतात, मग एका बारीक पोलादी तारेतून करंट जाऊन ती समुद्राच्या पाण्यात विरघळते, ठोकळा तळाशी राहतो, यंत्र तरंगत वर येतं.

यंत्र सोडलं की ते कुठल्या दिशेला तोंड करून बसेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून आतला कंपास जपावा लागतो. दिशा चुकली की रिजच्या समांतर आणि आडवा असे दोन्ही घटक एकमेकांत मिसळतात आणि मग इन्व्हर्जन, म्हणजे नोंदींवरून खालचं चित्र काढणारं गणित, कितीही चालवा, उपयोग नाही. घड्याळ टाकताना आणि काढल्यावर जीपीएसशी जुळवायचं. सगळ्यात त्रास देतो तळचा प्रवाह. पृथ्वीचं क्षेत्र 40,000 नॅनोटेस्ला धरलं, तर यंत्र एका आर्कसेकंदाने डुललं तरी 0.2 नॅनोटेस्लाचा खोटा सिग्नल उमटतो. शिवाय चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की तेही व्होल्टेज देतं: सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाला मीटरमागे 4 मायक्रोव्होल्टपर्यंत. भरती-ओहोटीचे आवर्तकाळ म्हणून वगळावे लागतात. एक सुख मात्र आहे. कोराडी-खापरखेड्याच्या विजेच्या तारांखाली आपल्याला छळणारा 50 हर्ट्झचा गोंगाट तिथे नाही.

समजा सगळं नीट झालं आणि रिजखाली 50 ओहम-मीटर आले. शिलारस किती? कोरडा तापलेला खडक 200 ओहम-मीटरचा धरू, बेसाल्टी शिलारसाची वाहकता (रेझिस्टिव्हिटीच्या उलट) मीटरला 4 सीमेन्स. 1 टक्का शिलारस कणांभोवती पडद्यासारखा पसरला असेल तर मिश्रण सुमारे 32 ओहम-मीटरवर येतं. कणांच्या कडांनी फक्त नळ्यांसारखा जोडलेला असेल तर सुमारे 55. आणि सुटे थेंब असतील तर 194, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. टक्का तोच, उत्तरं तीन! त्यात तापमान, खनिजातला हायड्रोजन आणि शिलारसातला कार्बन डायऑक्साइडही वाहकता वाढवतात. हायड्रोजनच्या परिणामावर तर प्रयोगशाळांचे आकडेही आपसात जुळत नाहीत. म्हणून तापमानाचं गृहीतक न सांगता दिलेल्या टक्क्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या रोजच्या कामातली, इक्विव्हॅलन्स, म्हणजे वेगवेगळ्या थरांनी एकच नोंद देणं. मुरुमाखालच्या पातळ ओल्या थराची जाडी आणि रेझिस्टिव्हिटी तुला वेगळी करता येत नाही, फक्त एस, म्हणजे जाडी भागिले रेझिस्टिव्हिटी, मिळतो. इथेही तसंच: 5 किलोमीटर जाडीचा 5 ओहम-मीटरचा थर आणि 10 किलोमीटरचा 10 चा, दोघांचा एस 1000 सीमेन्स. त्यातून ऑक्कमसारखं गुळगुळीत मॉडेल शोधणारं इन्व्हर्जन धारदार थरही पसरवून दाखवतं. चित्रातली कड म्हणजे खडकाची कड नव्हे.

तरी आकार मात्र पुष्कळ सांगतो, आणि मला तोच मोलाचा वाटतो. 1996-97 मध्ये ईस्ट पॅसिफिक राइजवर 17 अंश दक्षिणेला केलेल्या मेल्ट नावाच्या प्रयोगात रिजच्या पश्चिमेची बाजू जास्त वाहक निघाली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 9 अंश 30 मिनिटे उत्तरेला त्याच राइजखाली 20 ते 90 किलोमीटर खोलीवर दोन्ही बाजूंना सारखा, त्रिकोणी वाहक भाग दिसला. प्लेट दूर सरकताना प्रावरण (कवचाखालचा खडक) आपोआप वर येतं, या कल्पनेशी तो जुळतो.

असा कुठलाही वाहक पट्टा खरा का, हे पाहायचं तर तिथे 100 ओहम-मीटर भरून फॉरवर्ड, म्हणजे मॉडेलवरून नोंदी काढणारं गणित, चालवायचं. कुठल्या स्टेशनवर, कुठल्या आवर्तकाळाला जुळणी बिघडते ते बघायचं. कुठेच बिघडत नसेल तर तो पट्टा डेटाने मागितलेला नाही. तळाचे चढउतार आणि किनारा मात्र मेशमध्ये (मॉडेलच्या जाळीत) आधी घालून घे, नाहीतर त्यांचाच परिणाम खाली शिलारस बनून बसतो. फॉरवर्ड करताना अडलास तर वक्र पाठव, आपण मिळून बघू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश