आहेराच्या वह्या रद्दीत घालू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरेल. त्यातलं काहीही मला विचारल्याशिवाय टाकू नका, लग्नातल्या आहेराच्या वह्या तर मुळीच नाही. बाबा, तुम्ही सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, नीट जपून ठेवले आहेत. पण त्या कागदांत बहुतेक पुरुषच सापडतात. बायकांची माहेरं आहेराच्या वहीत आहेत.

वहीच्या एकेका ओळीत नाव, गाव आणि लुगडं, खण, भांडं किंवा रोख रक्कम असते. आधी मामाचा आहेर शोधा. मामाचं गाव म्हणजे त्या नवऱ्यामुलाच्या किंवा नवरीच्या आईचं माहेर, म्हणजे एका ओळीत एक अख्खी शाखा हाती येते. मग एकाच लांबच्या गावातली तीन-चार नावं कुठे दिसतात का ते बघा. तिथे आपली एखादी मुलगी दिलेली असते किंवा कुणाचं तरी आजोळ असतं. लग्नपत्रिका सापडली तर तिच्यातली निमंत्रकांची नावं ह्याच वहीशी ताडून बघायची.

आई, ह्यातलं खरं काम तुझ्याकडे आहे. लग्नात नाव बदललं की बाईचं माहेरचं नाव आपल्याकडच्या कागदांवर राहत नाही. वंशावळीत नुसतं ‘पत्नी’ लिहितात, नाहीतर तेही नाही. सासूबाई, आजेसासूबाई, चुलत सासवा, जेवढ्या आठवतील तेवढ्यांचं माहेरचं नाव, आडनाव, गाव आणि भावांची नावं सांग. नाव आणि गाव मिळालं की त्या गावच्या जुन्या प्राथमिक शाळेतलं जनरल रजिस्टर बघता येतं. तिथे वडिलांचं नाव, जन्मगाव आणि जन्मतारीख असते. तारीख १ जून असेल तर तिच्यावर भिस्त ठेवायची नाही, खरी तारीख माहीत नसली की गुरुजी सर्रास तीच घालत.

सांगशील ते फोनवर रेकॉर्ड करू. पंखा बंद, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव. अर्ध्या तासाच्या वर एका बैठकीत नको, दम लागतो आणि नावं एकमेकांत मिसळतात. साल आठवत नसेल तर जोर देऊ नकोस, मोठ्या घटनेच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांग. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा, गांधीवध जानेवारी १९४८ चा. ‘भूकंपात ती अंगावर पीत होती’ एवढ्यावरूनसुद्धा जन्मसाल वर्षा-दोन वर्षांत बसतं.

बाबा, आता तुमचा भाग. सातबारावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याचं नाव कंसात असतं. कंसातल्या नावाचा फेरफार काढायचा, त्यातून त्याच्या आधीचा, असं मागे मागे जायचं. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, वारसांची नावं, नातं आणि बऱ्याचदा वयही असतं, मुलींची लग्नानंतरची नावंसुद्धा कधी कधी मिळतात. मात्र नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख धरू नका. वारस लावायला लोकांनी वर्षानुवर्षं घेतली आहेत. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याचे भाऊ उताऱ्यावर दिसत नाहीत म्हणून ते नव्हतेच असं समजायचं नाही, ही चूक फार होते. आणि गट नंबर घेऊन जुने कागद शोधू नका. जमिनीच्या तुकड्यांचे गट करून एकत्रीकरण झालं त्याच्या आधी सर्व्हे नंबर होते, दोन्हींची सांगड घालणारं पत्रक आधी मागा.

जन्ममृत्यूसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागायचा, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं नंतरचं. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. म्हणून भावंडांचा क्रम आधी माहीत हवा, नाहीतर थोरल्याची नोंद धाकट्याला चिकटते. आडनावही पुष्कळदा नसतं: ‘बिन’च्या पुढे बाप आणि ‘कोम’च्या पुढे नवरा. मोडीत असेल तर पानाचा फोटो काढा, वाचून घेऊ. वाचलेलं देवनागरीत उतरवलं तरी मूळ पानाचा फोटो सोबत ठेवायचाच, कारण मोडीत शब्द सलग लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि वाचणाऱ्याचा अंदाज चुकू शकतो.

शक दिसला तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९, पौषात दोन्हींपैकी कुठलंही असू शकतं. शके १८१९ चा माघ म्हणजे १८९८ साल. फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, ५९० मिळवायचे, पण ते वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. पंढरपूरच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत शक असतो. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की आपले उपाध्ये कोण ते कळतं, आणि पूर्वजाची नोंद मिळाली तर बरोबर आलेल्यांची नावंही त्याच पानावर मिळतात.

कागद आणि फोटोंना लॅमिनेशन नको, एकदा तापवून चिकटवलं की परत सुटत नाही. सेलोटेप नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. टाचण्या गंजतात, हलक्या हाताने काढा. ओले झाले तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा. ट्रंक पावसाकडच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कसर आणि बुरशी तिथूनच सुरू होते. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, सालपट निघतं आणि चेहराच जातो. काचेसकटच कॅमेऱ्याने त्याची प्रत घेऊ. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता, समोरून बघताना डावीकडून जो क्रम दिसतो त्याने नावं लिहा. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला उमटते. माझ्याकडे आल्यावर दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करीन आणि एक प्रत दादाकडे ठेवीन.

व्हॉट्सॲपच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर हयात माणसांच्या जन्मतारखा आणि जमिनीचे कागद टाकू नका. दत्तक किंवा दुसऱ्या लग्नाची गोष्ट ज्यांच्या घरची आहे त्यांना विचारल्याशिवाय लिहू नये, पण आपल्या वहीत ती खरीच लिहायची. प्रत्येक नावापुढे हे कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदावरून घेतलं, तेही लिहायचं. दोघांचं म्हणणं वेगळं असेल तर दोन्ही ठेवायची.

यात्रेला सगळे जमतील तेव्हा मोठ्या कागदावर वंशावळ काढून ओसरीच्या भिंतीला लावू, खाली पेन्सिली दोऱ्याने बांधून. माहेरच्या नावांच्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवायच्या. आत्या आणि काकू उभ्या उभ्या भरतील, आणि कोण कुणाला दुरुस्त करतं ते बघून आई, तू शेजारी नोंदून घे.

तुमची,
ताई