मतपत्रिकेच्या तळाशी

संपादक महोदय,

टेक्सासमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या निवडणुकीच्या गप्पा राष्ट्राध्यक्ष नि गव्हर्नर यांच्यापलीकडे जात नाहीत. तळाशी असलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’च्या उमेदवारांपैकी एकाला पक्ष बघून मत देऊन मोकळे! हा न्यायाधीश ४ वर्षांसाठी थेट निवडून येतो आणि त्याला वकिलीची पदवी लागत नाही. तरी २०,००० डॉलरपर्यंतचे दावे, वाहतुकीचे दंड, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे खटले त्याच्यापुढे चालतात. घरमालकाने डिपॉझिट अडकवले तर दाद मागायची ती इथेच. लग्नेही तो लावतो.

टेक्सासमधल्याच लँगट्री गावच्या रॉय बीन या जुन्या ‘जस्टिस ऑफ द पीस’चे किस्से मात्र सगळे चवीने सांगतात. १८८२ मध्ये नेमलेला हा गडी स्वतःच्या दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवायचा. मेलेल्या माणसाच्या खिशातले ४० डॉलर म्हणे त्याने दंडापोटी ठेवून घेतले. पुढे निवडणुकीत तो पडलाही. गंमत ठीक आहे, पण प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला ‘आजवर काय काम केलंत?’ आणि ‘वकील न परवडणाऱ्या भाडेकरूचं म्हणणं नीट ऐकून घ्याल का?’ एवढे तरी विचारावे.

– एक वाचक, ह्यूस्टन