खडकीच्या काकांना, एका कटरबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, पण नात वाचून दाखवेल या भरवशावर इथेच सगळ्यांसमोर लिहितोय.

सुट्टीला पुण्यात आलो तेव्हा बॅगेत तो बोटभर कटर होता, पुंगळ्यांची तोंडं कापायचा. तिकडे टेक्सासमध्ये नेमबाजीच्या रेंजवर जातो, गोळी झाडल्यावर उरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या परत भरतो. पुंगळी फायर होऊन परत साइझ केली, म्हणजे साच्यात दाबून मूळ मापाला आणली, की पितळ तोंडाकडे सरकतं आणि ती लांब होते. माझ्या रायफलच्या २२३ रेमिंग्टन काडतुसाला ती १.७६० इंचाच्या वर गेली की तोंड चेंबरमध्ये अडकून बुलेट आवळली जाते आणि प्रेशर भलतंच चढू शकतं, म्हणून ट्रिमरवर १.७५० ला कापायची. माझ्या पुंगळ्यांच्या तोंडावर लाटा उठत होत्या, कडेला राहणारी धारदार कोर, म्हणजे बर, तर एवढी की बोटाला लागायची. मी नवीन कार्बाइडचा, म्हणजे स्टीलहून कडक पण ठिसूळ, कटर ऑर्डर करणारच होतो, बाबा म्हणाले आधी खाली काकांना दाखव, त्यांनी अख्खी नोकरी अॅम्युनिशन फॅक्टरीच्या टूलरूममध्ये काढलीये. १८६९ पासून काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस एक जिना खाली राहतो आणि मी अमेरिकेत फोरमं वाचत बसलेलो!

भारतात हा घरगुती छंद नाही, सगळा लायसन्सचा मामला, म्हणून पुंगळी काय आणली नव्हती. तुम्ही म्हणालात कापून बघायला पितळेची नळी आण, भरीव बार नको. बारच्या पितळात शिसं असतं, त्याचा चुरा पडतो, पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, ते चिकट, लांब साल निघते, नळीवरच खरं काय ते कळेल. बोहरी आळीतून वीतभर आणली. मग तुम्ही चारही दातांना मार्करची काळी शाई लावली, कटर ड्रिलमध्ये धरून नळीच्या तोंडावर हळू टेकवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. शाई एकाच दाताची गेली होती. "एकच बैल ओढतोय, बाकीचे तिघे पोळ्याला आल्यासारखे नुसते उभे," हे मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हा कबूल करायची लाज वाटली, आता करतो, आदल्या दिवाळीत डायमंड फाइलने दातांच्या डोक्यावर धार मीच लावली होती. तीन दात खाली गेले, एक वर राहिला. शिवाय दातांना पुढून हुक काढला होता, म्हणजे धार पुढे झुकवलेली, स्टील कापायच्या टूलसारखी, पितळात तो घुसतो, म्हणून त्या लाटा. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त "हातानं करायचंच तर दाताची पुढची सपाट बाजू दगडावर चोळायची, डोक्याला हात लावायचा नाही" एवढंच, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवर मागे बसून भोसरीला आलात, त्या ग्राइंडिंगवाल्याकडे चारही दात एका उंचीत करून घेतलेत. एवढ्या उन्हात. पैसेही तुम्हीच दिलेत, ते मी विसरलेलो नाही.

टेक्सासला घरी आल्यावर पहिल्या पाच पुंगळ्या १.७५० ऐवजी १.७५८ आल्या. ग्राइंड केल्यावर कटर बुटका झालाय, ट्रिमरचा स्टॉप, कटर कुठे थांबायचा ते, परत लाव, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतं, तरी. आता कटर बदलला की पहिली पुंगळी मोजायला व्हर्नियरखाली जाते. पुंगळ्या आधी धुतो पण, कारण पितळ मऊ असलं तरी आत राहिलेली राख आणि पॉलिशची कचकच धार खाते, हेही तुमचंच. कटर डब्यात इतर बिट्सबरोबर खडखडत नाही, तुम्ही गुंडाळून दिलेल्या सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यातच आहे, बघून बायको हसते.

कार्बाइडचा एक घेतला शेवटी, हजारोंनी कापायच्या असतील तर तो टिकतो, पण तुम्ही म्हणालात तसा जपून, फरशीवर पडला की दात उडालाच.

डिसेंबरात येतोय. तो कापलेला नळीचा तुकडा उदबत्तीला लावला असेल तर राहू द्या, नाहीतर मला हवाय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा

ता. क. काकूंना सांगा, पेट्रोलचे पैसे मी दिले होते, ग्राइंडिंगचे नाही. त्यांना उलटं वाटतंय.