कॉफीचा कस रंगावरून ठरत नाही
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॉफीत अँटिऑक्सिडंट (पेशींची हानी रोखण्यास मदत करणारी द्रव्ये) असतात म्हणून ती कितीही प्यावी, असा समज सांगलीतही रुजू लागला आहे. पण कोणती कॉफी, हे कोणी विचारत नाही. या अँटिऑक्सिडंटांतील प्रमुख घटक म्हणजे क्लोरोजेनिक आम्ले. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या कच्च्या बियांत ती सामान्यतः अधिक असतात, कॅफिनही जवळजवळ दुप्पट असते. मात्र बी जितके गडद भाजावे तितकी ही आम्ले घटत जातात आणि भाजताना तयार होणारी तपकिरी मेलॅनॉइडिन्स ती उणीव काही अंशीच भरून काढतात. हळदीच्या पेठेत वावरणाऱ्या आम्हाला कस रंगावरून जोखण्याची सवय; कॉफीत ती फसवी ठरते.

शिवाय आपल्याकडची बरीच पूड चिकोरीमिश्रित (चिकोरी म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) असते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी, म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते, जिच्यात कॅफिन मुळीच नसते. हे प्रमाण पाकिटावर छापलेले असते खरे, पण ते वाचायला साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला भिंग लागते. ते ठळक अक्षरांत छापावे आणि सुटी पूड विकणाऱ्यांनीही डब्यावर लिहून लावावे, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली