मित्रासाठी बोलला, म्हणून संघाबाहेर?

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या बेसबॉल निवड चाचणीत माझ्या भाच्याचे नाव यादीतून कापले गेले. मुलगा पंधरा वर्षांचा, डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. शेवटच्या दिवशी त्याच्या कॅचरला, म्हणजे फलंदाजामागे बसून त्याचे चेंडू झेलणाऱ्या मित्राला, काही कारण न सांगता घरी पाठवले. भाच्याने ‘का?’ म्हणून विचारले. उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने जर्सी घडी करून बाकावर ठेवली आणि मित्राबरोबर पायी कोपरीला आला. दुसऱ्या दिवशी मीच त्याला माफी मागायला पाठवले. चाचणी अर्धवट सोडणे चूकच होते. तिथे त्याला ऐकायला मिळाले, ‘डावरे असेच, डोक्याने फिरलेले!’

मी स्वतः डावखुरी. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले, नंतर ठाण्यातच क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी केली. चेंडू टाकायला या मुलाला मीच शिकवले. म्हणून ते वाक्य मला फार लागले, आणि बिल ली आठवला.

हा अमेरिकेतला डावखुरा पिचर, टोपणनाव ‘स्पेसमन’. त्यालाही घडवले ते त्याच्या आत्याने. ॲनाबेल ली तिचे नाव, तीही डावखुरी. १९४४ मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये तिने एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू न देता सामना जिंकला होता. बिलच्या चेंडूला मोठा वेग नव्हता. खाली बसणारा सिंकर आणि फलंदाजाला ताटकळत ठेवणारा उंच, संथ चेंडू, यावर त्याने १९७३, ७४ आणि ७५ अशी सलग तीन वर्षे बोस्टन रेड सॉक्ससाठी १७-१७ सामने जिंकले. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या आणि शेवटच्या सामन्यात बोस्टन ३-० ने पुढे असताना त्याच संथ चेंडूवर प्रतिस्पर्धी टोनी पेरेझने थेट मैदानाबाहेर होमरन मारला आणि शेवटी बोस्टनने सामना ४-३ असा गमावला. पुढच्या वर्षी यांकीज या न्यूयॉर्कच्या कट्टर प्रतिस्पर्धी संघाबरोबरच्या हाणामारीत त्याचा डावा खांदा दुखावला. तरी तो पुन्हा उभा राहिला.

जिभेला मात्र लगाम नव्हता. १९७८ च्या जूनमध्ये बोस्टनने त्याचा मित्र बर्नी कार्बोला विकले, तर हा निषेध म्हणून एक दिवस संघ सोडून गेला. व्यवस्थापक डॉन झिमर यांच्याशी त्याचे आधीपासूनच वाजलेले. सप्टेंबरमध्ये यांकीज मानगुटीवर बसले असताना झिमर यांनी मोक्याच्या सामन्यात याला डावलून एका नवख्या पोराच्या हाती चेंडू दिला. बोस्टन हरले. मोसम संपला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते आणि निर्णायक सामना यांकीजने ५-४ ने जिंकला. एका माणसाला धडा शिकवण्याची केवढी किंमत मोजावी लागली! बोस्टनने बिलला कॅनडातल्या माँट्रियलच्या संघाला देऊन टाकले, आणि तिथे पहिल्याच वर्षी त्याने १६ सामने जिंकले. १९८२ मध्ये रॉडनी स्कॉट या सहकाऱ्याला काढले म्हणून तो पुन्हा मैदान सोडून गेला. या वेळी त्यालाही काढले. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता, खात्यावर ११९ विजय होते. मोठ्या लीगमध्ये पुन्हा कोणी त्याला उभे केले नाही. पण हात शाबूत होता. २०१२ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या व्यावसायिक संघाकडून त्याने पूर्ण नऊ इनिंग टाकून सामना जिंकला!

मी भाच्याला सांगितले की बिलसारखे निघून जाऊ नकोस, उभा राहून बोल. त्याने मान्य केले. आता मोठ्यांनीही थोडे मान्य करावे. पोराला एक सामना बाहेर बसवा, मैदानाला फेऱ्या मारायला लावा, माझी तक्रार नाही. पण पूर्ण मोसम? आणि ज्या कॅचरवरून हे सगळे झाले, त्याला का काढले हे आजही कोणी सांगितलेले नाही.

आणखी एक. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. चाचणीच्या किटबॅगेत सगळे ग्लोव्ह डाव्या हाताचे होते. हा पोरगा तीन वर्षे उलटा ग्लोव्ह चढवून खेळला. अंगठ्याच्या जागी करंगळी, तिथली कातडी सोलून निघालेली. शेवटी धोबीतलावची दुकाने पालथी घालून मी एक मिळवला. ज्यांच्या हातांसाठी साधा ग्लोव्ह ठेवला जात नाही, त्यांना ‘फिरलेले’ म्हणू नये.

निवड करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की या दोघांना एकदा परत बोलवा. पिचरच्या ठरलेल्या साडेसाठ फुटांवरून वीस चेंडू टाकायला लावा, ते बघा आणि मग नाव ठेवा किंवा कापा. दोघेही रोज सकाळी साडेसहाला सेंट्रल मैदानावर असतात.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, चरई, ठाणे