उडी

प्रिय पक्या,

मागच्या गणपतीत फोनवर ‘सविस्तर लिहितो’ म्हणालो होतो. पुढचा गणपती आला. शिव्या घाल, पण मनात, वहिनींसमोर नको. माझी शुगर थोडी वर आहे, बाकी ठीक.

गेल्या महिन्यात शूटिंगला पॅसिफिकमधल्या निऊए बेटावर गेलो होतो. ऑकलंडहून विमानाने साडेतीन तास, आठवड्यातून दोनच फेऱ्या. मध्ये वाररेषा लागते. शनिवारी निघालो आणि शुक्रवारी उतरलो! अख्ख्या देशात सतराशेच्या आसपास माणसं. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला याहून जास्त असायची.

पिक्चर मारधाडीचा, पैसे लग्नाच्या व्हिडिओचे. युनिट सात जणांचं. खोट्या बंदुकांच्या परवानग्या परवडेनात, म्हणून सगळ्या गुंडांच्या हातात कोयते. डायरेक्टरने स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, ‘खलनायक बोटीतून वाळूवर उडी मारतो.’ बेटाभोवती वाळू नावालाच. सगळीकडे कडे. हे बेटच मुळी समुद्रातून वर आलेलं प्रवाळ. नदी नाही, ओढा नाही, पाऊस पडला की दगडात गडप. धक्क्यावर लहान बोटीसुद्धा क्रेनने उचलून वर ठेवतात. आमचा खलनायक शेवटी भाड्याच्या पिकअपमधून आला. त्यातही रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हात करतो आणि हा सवयीने परत हात करतो. चार टेक गेले.

हे सगळं मी मुद्दाम लांबवतोय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

पूर्वेच्या किनाऱ्याला टोगो म्हणून जागा आहे. प्रवाळाचे काळे सुळके, कंबरेएवढे, काही डोक्याएवढे. हात टेकवला तर सोलतो. तिथे हिरोच्या जागी गावातला एक पोरगा एका भेगेवरून उडी मारणार होता. एकोणीस वर्षांचा, रग्बी खेळणारा. पहिली उडी झकास झाली. कॅमेऱ्यावर मी. मी म्हणालो, “आणखी एकदा. दोन फूट मागून ये.”

डायरेक्टर नाही रे, मी म्हणालो.

तो पडला. घोटा मोडला, पोटरी सोलून निघाली. आणि पक्या, मी कॅमेरा बंद केला नाही. किती सेकंद ते मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

त्याला दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी रविवार. तिथे रविवारी सगळं बंद असतं. बोट नाही, मासेमारी नाही, शूटिंगचं तर नावच नको. प्रार्थनेचे सूर ऐकत मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसलो होतो. संध्याकाळी त्याची आजी आली. मला वाटलं, आता खेटरं. तिने केळीच्या पानात भाजलेला तारो आणला होता, म्हणजे आपल्या अळूचा कांदा. म्हणाली, “पोरगा सांगत होता, त्याचाच पाय घसरला. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका.”

कॉलेजच्या नाटकात तूही सरांना हेच सांगितलं होतंस. ‘माझाच पाय घसरला.’ तेव्हा स्टेजवरच्या लेव्हलवरून दुसऱ्यांदा उडी मारायला लावणारा विंगेत उभा होता, तोंडात गुळणी धरून. बक्षिसाच्या फोटोत मी करंडक धरलाय आणि तू कुबड्या. वर लाइटवाल्याच्या तीनशे रुपयांवरून मी तुझ्याशी सहा महिने बोललो नाही. ते तीनशे तूच बुडवलेस, या मताचा मी आजही आहे. पण सहा महिने अबोला कशाचा होता, ते आता कळतंय.

आता पेच असा. निर्माता म्हणतो, त्या पडण्याइतका खरा शॉट अख्ख्या पिक्चरमध्ये नाही, तो ठेवायचाच. पोराला विचारलं तर तो खूश. “आजीला पडद्यावर दाखवेन,” म्हणतो. म्हणजे हरकत एकट्या माझीच. आणि शॉट चांगला आहे, पक्या. मी आजवर घेतलेल्यात सगळ्यात चांगला. ती हार्डडिस्क कपाटात ठेवून झोपतो, तरी झोप येत नाही.

तू सरांना तसं का सांगितलंस? मी कधी विचारलंच नाही. नाटक वाचावं म्हणून, की मी?

छकुलीला दहावीला ब्याण्णव टक्के पडल्याचं आईकडून कळलं. अभिनंदन, अक्कल वहिनींची असणार. शेताच्या वाटणीचं काय झालं? थंडीत घोटा अजून दुखतो का?

क्लिप पाठवत नाही. पाठवली तर तू आधी फ्रेमच बघशील.

तुझा,
बाळ्या